अडतीस सेकंद

१

सहाशे चौदा नंबरच्या खोलीत सकाळी साडेनऊला टेप लावली आणि तिच्यातून कोणीच गायलं नाही.

आधी वाटलं, आवाज बारीक असेल. स्पीकरवाल्यांनी बटण पुढे फिरवलं. माणसाएवढ्या उंच दोन स्पीकरांतून नुसती सळसळ बाहेर आली, नळाला पाणी यायच्या आधी येते तशी. यंत्रावरची दोन्ही रिळं मात्र काही झालंच नाही अशा थाटात फिरत होती. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मधल्या खुर्चीवर बसलेल्या भाचीने वळून मागे उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं.

आत्याला या ध्वनियंत्रांच्या प्रदर्शनात सगळे टेपबाई म्हणत. रेडिओच्या टेपभांडारात चौतीस वर्षं काढलेली बाई, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी दरवर्षी इथे हजर. हौसेने नव्हे. हॉटेलचे तीन मजले रिकामे करायचे, पलंग हलवायचे, आवाज घुमू नये म्हणून गाद्या कोपऱ्यांत उभ्या करायच्या, आणि एकेका खोलीत एकेकाने घराच्या किमतीचे स्पीकर मांडून बसायचं, हा प्रकारच त्यांना मुळात पटत नसे. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं खोलीखोलीतून फिरतात, डोळे मिटून बसतात आणि बाहेर पडून शेजारच्या खोलीला नावं ठेवतात. चार शहाणी माणसं मिळून एका वायरीच्या आवाजाचं वर्णन करू लागली की टेपबाईंना हसू आवरत नसे. पण त्यांचा धाकटा भाऊ याच गोतावळ्यातला होता, म्हणून त्या येत. भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. या वर्षी त्या भाचीसाठी आल्या होत्या.

भाऊ ध्वनिमुद्रक. टेप त्याचीच, आणि तिच्यावर गाणारी त्याची बायको. ती गेली तेव्हा भाची अडीच वर्षांची होती. पण भाचीला गाण्याचं फारसं काही नव्हतं. तिला हवं होतं गाण्याच्या आधीचं. मुद्रणाच्या दिवशी ती दार ढकलून आत शिरली होती, आणि आई गायची थांबून तिच्याशी अडतीस सेकंद बोलली होती. भावाने ते पुसलं नाही, टेपच्या सुरुवातीला राखून ठेवलं. भाची सात वर्षांची असताना त्याने तिला ते एकदाच ऐकवलं. शब्द तिच्या ध्यानात राहिले नाहीत. आवाज होता एवढंच राहिलं. नंतर टेप झिजते, यंत्र नीट नाही, असं करत राहून गेलं, आणि सहा वर्षांपूर्वी भावाने टेप या स्पीकरवाल्या मित्राकडे दिली. प्रत काढायची नाही, हा भावाचा हट्ट. ज्याला ऐकायचंय त्याने मूळ ऐकावं, म्हणे.

तेव्हापासून दर प्रदर्शनात स्पीकरवाले ती मूळ टेप वाजवत आणि लोक डोळे पुसत बाहेर पडत. काल भाची पहिल्यांदा आली. गाणं ऐकलं. बोलणं मात्र काल वाजलं नव्हतं. लोकांना घरगुती बोलणं कशाला, असं म्हणून स्पीकरवाल्यांनी थेट गाण्यापासून सुरुवात केली होती. "उद्या सकाळी ये. दार उघडायच्या आधी. फक्त तुझ्यासाठी लावतो," असं त्यांनी सांगितलं होतं.

आणि आता ही सळसळ.

स्पीकरवाल्यांनी यंत्र थांबवलं. गोरेगोमटे, पिकल्या दाढीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. ते भाचीजवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, काल संध्याकाळी टेपचा डबा कुठे ठेवला होतास?"

भाचीने डाव्या स्पीकरच्या माथ्याकडे बोट दाखवलं.

"रात्रभर तिथेच होता," स्पीकरवाले हळू आवाजात म्हणाले. "आत केवढं लोहचुंबक असतं, तुला काय कल्पना. तुझी काही चूक नाही हो."

चूक नाही म्हणताना त्यांनी चूक नेमकी तिच्या ओटीत घातली. भाचीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपल्या आईचं आपल्याशी झालेलं एकुलतं एक बोलणं आपणच पुसलं, हे तिला कळायला एक क्षण लागला, आणि मग ती रडलीसुद्धा नाही. टेपबाईंना ते रडण्याहून वाईट वाटलं.

त्या पुढे झाल्या. "रीळ उतरव आणि माझ्या हातात दे," त्या स्पीकरवाल्यांना म्हणाल्या.

२

टेपबाईंनी रीळ हातात घेतलं, वास घेतला, उजेडात धरलं, आणि पुन्हा यंत्रावर चढवायला लावलं.

"अख्खी ऐकायची आहे मला."

"ताई, त्यात ऐकण्यासारखं काय उरलंय?"

"तुला नसेल. मी आयुष्यभर असलंच ऐकलंय."

वीस मिनिटांची सळसळ त्या खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिल्या. भाची भिंतीला टेकून उभी होती. स्पीकरवाले घड्याळ बघत होते, कारण दहाला दार उघडायचं होतं. टेप संपली तेव्हा टेपबाईंनी भाचीला जवळ बोलावलं.

"नीट ऐक. लोहचुंबक टेप खातं ना, ते असं सारखं नाही खात. रिळाची जी बाजू चुंबकाजवळ ती जास्त, दूरची कमी. रीळ फिरतं तसं ते दर फेऱ्याला ऐकू येतं. आवाज येतो, बुडतो, येतो, बुडतो. आणि एका रात्रीत सगळं पुसणं तर शक्यच नाही. आमच्या भांडारात एका महाभागाने आठवडाभर डबा स्पीकरवर ठेवला होता. चार ठिकाणी खरखर आली, बाकी सगळं शाबूत. ही सळसळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आहे."

"म्हणजे मी नाही पुसली?"

"तू नाही."

भाचीच्या तोंडून श्वास सुटला. स्पीकरवाल्यांनीही मान डोलावली, पण जरा उशिराने.

"मग यंत्रावरच कोणीतरी पुसली असेल," ते म्हणाले. "काल चहाच्या वेळेला दातांचे डॉक्टर इथे एकटेच बसले होते. मी स्वतः पाहिलं. आणि त्यांचा या टेपवर किती वर्षांपासून डोळा आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

टेपबाई पुन्हा रिळाशी बसल्या. टेपचं टोक त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलं आणि हाताने रीळ हळूहळू फिरवायला लागल्या. अडतीस सेकंदांची टेप म्हणजे साडेचौदा मीटर. बोलणं संपून गाणं सुरू व्हायच्या मधे दार आपटल्याचा आवाज होता. तो कापून दोन टोकं जोडायचं काम भावाने बहिणीला दिलं होतं. टेपबाईंनी कचेरीतल्या टेबलावर तो तुकडा दिवसभर मागेपुढे करून, वीसेक वेळा ऐकून, स्वतःच्या हाताने चिकटपट्टीचा जोड लावला होता. टेपवरचा आवाज कोणी हजारदा पुसो, चिकटपट्टी पुसली जात नाही. बोटाला ती लागतेच.

दहा मीटर गेली. पंधरा गेली. वीस गेली. बोटाला काहीच लागलं नाही.

टेपबाईंनी चष्मा काढला.

"ही टेप पुसलेली नाही. ही कोरी आहे, हिच्यावर कधी काही मुद्रितच झालेलं नाही. माझ्या वहिनीची टेप ही नव्हेच."

३

म्हणजे चोरी. डबा तोच, त्यावर भावाच्या अक्षरातली चिठ्ठी तीच, आतलं रीळ दुसरं. संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं ते सकाळी स्पीकरवाल्यांनीच उघडलं, तेव्हा अदलाबदल त्याआधीची असणार. काल दिवसभरात खोलीत एकटं कोण होतं, तर दातांचे डॉक्टर. इतकं सोपं होतं, की टेपबाईंना त्याचा संशयच यायला लागला.

डॉक्टर सहाव्या मजल्याच्या गॅलरीत पुढच्या कार्यक्रमाच्या रांगेत पहिले उभे होते. दरवर्षी पहिले तेच असत. सडपातळ, स्वच्छ कपड्यांचे, बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघणारे. दर दोन वर्षांनी ते स्पीकर बदलत, आणि दर वेळी आता हे शेवटचे असं बायकोला सांगत.

"मॅडम, मला ती टेप हवी होती, हे मी कधी लपवलं नाही," ते म्हणाले. "तुमच्या भावाला मी तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हणाले. विषय संपला."

"काल चहाच्या वेळेला खोलीत काय करत होतात?"

"बसलो होतो."

"वाजत काय होतं?"

"काही नाही."

"म्हणजे चहा होईपर्यंत बंद स्पीकरांसमोर बसला होतात."

डॉक्टरांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला आणि लगेच काढला. टेपबाईंनी ते पाहिलं.

रांगेत दुसरे होते समीक्षक. ध्वनीच्या मासिकात लिहिणारे, आणि प्रदर्शनाचं रोज संध्याकाळी निघणारं चार पानी पत्रक भरणारेही तेच. त्यांच्या कानांचा इतका बोलबाला होता, की त्यांनी मान हलवली तर स्पीकर खपत आणि नाक मुरडलं तर दुकानं बसत. टेप नाहीशी झाल्याचं ऐकून त्यांचे डोळे खरोखर भरून आले.

"बाई, तो आवाज गेला म्हणजे आता आम्ही स्पीकर तपासायचे कशावर?"

टेपबाईंना त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"गाण्याआधीचं बोलणं ऐकलंय तुम्ही?"

"कितीदा. तुमच्या भावाच्या घरी, फार वर्षांपूर्वी. काय मुद्रण ते. डावीकडे खुर्ची करकरते, ती किती फुटांवर आहे हे सांगता येतं. मुलीचे पायसुद्धा, अनवाणी, फरशीवर. आणि तिचा श्वास..." त्यांनी डोळे मिटले. मग आठवण झाल्यासारखं खिशातून कालचं पत्रक काढलं. "काल संध्याकाळीच लिहिलंय मी तुमच्या वहिनींवर. वाचा, बरं वाटेल."

टेपबाईंनी घडी न उलगडता ते पर्समध्ये टाकलं. त्यांना बरं वाटून घ्यायची घाई नव्हती. त्या परत वळल्या आणि डॉक्टरांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, खिशात काय आहे ते दाखवा. नाहीतर मी इथे, या रांगेत, मोठ्याने विचारते."

४

खिशातून निघालं ते दंतमंजनाच्या डबीएवढं ध्वनिमुद्रण यंत्र.

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले होते. गॅलरीच्या टोकाला, बर्फाच्या यंत्रामागे, त्यांनी सगळं सांगून टाकलं. सहाशे चौदामध्ये मुद्रण करायला सक्त मनाई. तशी पाटीच दारावर होती, आणि तिच्याखाली दुसरी: या खोलीत संगणक नाही, प्रत नाही, फक्त मूळ टेप. डॉक्टर दरवर्षी चोरून मुद्रण करत. चहाच्या वेळेला खुर्चीखाली चिकटवलेलं यंत्र काढायला ते मागे थांबले होते.

"घरी ऐकतो मी. एकटाच. मी चोर नाही, मॅडम."

"अर्धे आहात. कालचं ऐकवा."

भाची आणि टेपबाईंनी इअरफोनचं एकेक बोंड कानात घालून ऐकलं. आधी स्पीकरवाल्यांचं नेहमीचं प्रास्ताविक. "आमचा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालतो. टेपयंत्राला मोटर आहे, मोटरीचा मळ गाण्यात येतो, म्हणून ते वेगळं, भिंतीतल्या साध्या प्लगवर." मग खोली शांत, आणि मग वहिनींचा आवाज. भाचीने खाली बघितलं. गाणं निम्म्यावर आलं तेव्हा खोलीतले दोघेतिघे एकदम "अरे" म्हणाले, आणि गाणं पुढे चालू राहिलं.

"हे अरे कशाचं?" टेपबाईंनी विचारलं.

"दिवे गेले होते क्षणभर," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या हॉटेलचे. माझे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांवर अंधार आला तो कळला."

टेपबाईंनी पर्समधून पत्रक काढलं आणि उलगडलं. समीक्षकांनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'वीज गेली. खोली काळोखात बुडाली. पण तो सूर केसभरही ढळला नाही. मूळ टेपचा दम तो हाच.' त्यांनी ते एकदा वाचलं, आणि मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"तुझेही डोळे मिटलेले होते?" त्यांनी भाचीला विचारलं.

"नाही गं. मला कुठे येतं असं डोळे मिटून ऐकायला. मी आपली रिळांकडे बघत होते. आई त्यांच्यात आहे असं वाटत होतं."

"दिवे गेले तेव्हा रिळं काय करत होती?"

भाचीने आठवून पाहिलं. "अडखळली. यंत्रावरचा छोटा दिवा विझला, चाकं मंदावली, जवळजवळ थांबलीच. मग दिवे आले आणि परत फिरायला लागली. का?"

टेपबाईंनी बर्फाच्या यंत्रावर हात टेकला. सत्तर वर्षांच्या बाईला हे आत्ता दिसावं आणि वीस जाणकारांनी ते डोळे मिटून सोडून द्यावं, याची त्यांना चीड आली.

"रीळ मंदावलं की त्यावरचा आवाज बसतो. बाईचा पुरुष होतो, पुरुषाचा रेडा होतो. दुसरं काही होऊच शकत नाही. अ‍ॅम्प्लिफायर हजार बॅटऱ्यांवर असेना, टेपच मंदावली तर तो काय करणार?" त्यांनी डॉक्टरांचं यंत्र त्यांच्या हातात परत दिलं. "काल संध्याकाळी कोणी टेप बदलली नाही. काल दुपारीसुद्धा तिथे कोरी टेपच फिरत होती. गाणं दुसरीकडूनच येत होतं."

५

अकराला त्यांनी सगळ्यांना सहाशे चौदामध्ये बोलावलं आणि दार आतून लावून घेतलं. बाहेर रांग खोळंबली. स्पीकरवाले स्पीकराला टेकून उभे होते, समीक्षक सवयीने मधल्या खुर्चीवर बसले, डॉक्टर दाराशी. भाची आत्याच्या शेजारी.

"मला आधी वाटलं, टेप चोरीला गेली," टेपबाई म्हणाल्या. "मग वाटलं, चोरायची तर टेप परवा चोरली असती, पुढच्या वर्षी चोरली असती. नेमकी आज सकाळी साडेनऊलाच का मेली? आज सकाळी साडेनऊला काय होतं?"

"मला आईचं बोलणं ऐकायचं होतं," भाची म्हणाली.

"तेवढंच होतं. ज्याच्याकडे गाणं आहे पण बोलणं नाही, त्याला काल रात्रीत टेप मारून टाकणं भाग होतं. आणि मारल्याचा आळ घ्यायला कोणीतरी हवं होतं. काल डबा कुठे ठेवू, असं तू विचारलंस तेव्हा तुला काय उत्तर मिळालं?"

भाची हळूहळू स्पीकरवाल्यांकडे वळली. "काका म्हणाले, ठेव ना तिथे स्पीकरवरच."

"ताई," स्पीकरवाले म्हणाले, "तुम्ही काय बोलताय..."

टेपबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. न्हाणीघराच्या दारावर 'आत सामान आहे, उघडू नये' असा कागद लावलेला होता. त्यांनी दार उघडलं. आत दोन गाद्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे, आरशाखालच्या फळीवर, साबणाच्या वडीएवढं, बॅटरीवर चालणारं काळं यंत्र होतं. त्याची वायर दाराच्या फटीतून गालिच्याखाली गेली होती. टेपबाईंनी एका बोटाने त्याची कळ दाबली.

खोलीत वहिनी गायला लागल्या. टेपयंत्रावर एकही रीळ नव्हतं.

समीक्षकांचे डोळे सवयीने मिटले, आणि मग त्यांनी ते घाईघाईने उघडले. भाचीने गाणं एक ओळभर ऐकलं आणि म्हणाली, "बंद कर, आत्या."

स्पीकरवाले एका खुर्चीच्या कडेला बसले. म्हातारे दिसायला लागले.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "नवं यंत्र आणलं होतं. त्यावर मुद्रण कसं होतं ते बघत होतो. चढवलेलं रीळ कोणतं, हे बघायचं राहिलं. लाल बटण दाबलं."

"किती पुसलं?"

"पहिली दोन मिनिटं. बोलणं सगळं, गाण्याची सुरुवातही. मूळ रीळ कारखान्यात पडून आहे."

"आणि ही प्रत?"

"आधीची. कारखान्यात स्पीकर तपासायला काढून ठेवली होती. गाण्याचीच. बोलण्यावर काय स्पीकर तपासतात?"

"बोलण्यावरच तपासतात," टेपबाई म्हणाल्या. "माणसाचं बोलणं खोटं वाटलं तर स्पीकर खोटा. हे तुला माझ्या भावानेच शिकवलं. आणि तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने तुला तीनदा फोन केला, टेप आण, पोरीला द्यायची आहे. काय सांगितलंस त्याला?"

"यंत्र दुरुस्तीला गेलंय म्हणून."

"हात कोणाचाही चुकतो. आमच्याकडे तिघांचे चुकले, तिघेही रडत येऊन सांगून गेले. तुझ्या चुकीबद्दल मी तुला माफ केलं असतं. पण काल रात्री तू थंड डोक्याने कोरी टेप डब्यात राहू दिलीस, आणि आज सकाळी हिच्या डोक्यावर हात ठेवलास. ही जन्मभर समजत राहिली असती, की आईला आपणच पुसलं. तुला चाललं असतं ते?"

"मला सुचलं नाही, ताई. दारावर पाटी आहे. चार वर्षं लोक... मी काय तोंड दाखवलं असतं?"

दारावर बाहेरून टकटक झाली.

६

पुढे जे झालं त्याने टेपबाईंच्या तोंडाची चव गेली.

त्यांना वाटलं होतं, समीक्षक उठून आरडाओरडा करतील. समीक्षकांनी पत्रकाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "हे बाहेर जायची गरज आहे का?" ते शेवटी म्हणाले. "म्हणजे, यात कोणाचं भलं होणार? लेख तर निघून गेलाय." चार वर्षं त्यांनी लिहिलं होतं, की मूळ टेपची सर कशालाच नाही, आणि चार वर्षं ते साबणाच्या वडीचं कौतुक करत होते. डॉक्टरांनी हेच स्पीकर गेल्या वर्षी घरी नेले होते, याच गाण्यावर भाळून. ते म्हणाले, "पण आवाज चांगला होता, यात काही खोटं नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडले. स्पीकरवाल्यांनी ते काळं यंत्र वायरीसकट भाचीपुढे धरलं.

"गाणं तरी घेऊन जा, पोरी. पूर्ण आहे."

भाचीने ते घेतलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"काका, बोलणं तुम्ही ऐकलं होतं ना? पुसायच्या आधी?"

"खूपदा."

"काय म्हणाली होती आई?"

स्पीकरवाल्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे टेपबाईंना दिसलं. "तिचा बोलायचा आवाज खाली होता. छातीतून यायचा. इतका भरीव, की..."

"शब्द, काका."

भाची समीक्षकांकडे वळली. समीक्षकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याकडे खुर्ची होती, अनवाणी पाय होते, श्वास होता, आणि ते सगळं ते सकाळीच सांगून बसले होते. त्यांनी खाली बघितलं.

दोघी बाहेर आल्या. रांगेतल्या लोकांनी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आपापसांत म्हणाले, काय ऐकलं असेल आत. त्यांच्या मागोमाग दार उघडलं आणि माणसं आत शिरायला लागली. टेपबाईंना वाटलं, मागे वळावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं. त्या वळल्या नाहीत. भाची पुढे निघून गेली होती.

लिफ्टपाशी भाची थांबली. आता ती आत्याकडे अशी बघत होती, जशी सकाळपासून एकदाही बघितली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती बघून टेपबाईंना पुढचा प्रश्न कळला. तो येऊ नये, असं त्यांना जिवाच्या आकांताने वाटलं.

"आत्या, तू तर तो तुकडा दिवसभर मागेपुढे केलास. वीसेक वेळा ऐकलास."

"हो."

"मग तू सांग ना."

टेपबाईंना सगळं ऐकू येत होतं. वहिनी किती अंतरावरून बोलत होत्या, दुसऱ्या वाक्यानंतर कितीसं थांबल्या, कुठे आवाज जरासा वर गेला, कुठे हसू आलं. चौतीस वर्षांपूर्वीचे अडतीस सेकंद त्यांच्या कानात जसेच्या तसे होते. त्यात शब्द नव्हते. त्यांनी परत सुरुवातीपासून लावून पाहिलं, परत नव्हते. चार प्रेमाची वाक्यं जुळवणं काय अवघड होतं. आई मुलीला जे काही म्हणते ते म्हणायचं, भाचीने आनंदाने घेतलं असतं आणि म्हातारपणापर्यंत जपलं असतं. आत्ताच त्या एका माणसाला नकली टेपबद्दल खोटारडा ठरवून बाहेर आल्या होत्या.

"आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

"एकही शब्द?"

"नाही."

"मग तू काय ऐकत होतीस?"

टेपबाईंना खोटं सांगवेना. "मागे पंखा घरघरत होता. तो आधी बंद करायला हवा होता, असं मनात येत होतं."

भाचीने मान हलवली, कोणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. लिफ्ट आली. ती आत गेली आणि तिने तळमजल्याचं बटण दाबलं. आत्यासाठी तिने दार धरलं नाही.